दुसरा निरोप

कहूटोला, ता. कुरखेडा
१४ जून

चि. रुपालीले तुह्या मयत बाबाचा आशीर्वाद.

घाबरू नको व. पत्र मीच लिहून राह्यलो, अन् कुरखेड्याच्या पोस्टात टाकाले बी माह्याच पायानं जाईन. तू फोन उचलून नाई राह्यली. आईच्या फोनवरून लावला, भूपेशच्या फोनवरून लावला, पूर्ण रिंग वाजते अन् बंद होते. मंग म्हटलं, कागद तं कोणी कट करू शकत नाई. हैदराबादच्या होस्टेलचा पत्ता तूच जाताना सपरीच्या भिंतीवर खडूनं लिहून गेल्ती. तेवढी जागा सोडून आईनं बाकीच्या भिंतीले पोतारा मारला.

काय झालं ते सांगतो. मंगळवारी दुपारी मी सपरीत जाळं शिवत बसलो होतो. रस्त्याच्या मोडावरून रडण्याचा आवाज आला. "माह्या भावा रे, डोमा रे, मले टाकून कुठी गेला रे!" म्हटलं, हे काय बाप्पा, माह्या नावाचा दुसरा कोणी गेला का काय. जाळं टाकून बाहेर निंगालो, तं तुही रुखमा आत्या. वडशाहून आलेली, उर बडवत येऊन राह्यली. मले पाह्यलं अन् रस्त्यावरच फतकल मारून बसली.

तिच्या सुनेनं तिले मोबाईलवर तुहा व्हिडिओ दाखवला होता. कंपनीनं निवडलेल्या साऱ्या पोरींचे व्हिडिओ टाकले म्हणे. आता मी बी पाह्यला. निळा शर्ट घालून तू उभी आहेस अन् शुद्ध बोलून राह्यली, "माझे वडील मासेमार होते. नदीला अचानक पूर आला आणि त्यात ते गेले. दुसऱ्या कोणाचे वडील जाऊ नयेत म्हणून मी हे यंत्र बनवलं." चांगली बोलली. कुठी अडखळली नाईस.

आता तूच सांग, बहीण रस्त्यात बसून रडून राह्यली, आजूबाजूचे जमा झाले, अन् ज्याच्यासाठी रडून राह्यली तो उघड्या अंगानं समोर उभा. काय सांगू लोकायले? माही पोरगी खोटं बोलली म्हणू? तोंडातून निंगून गेलं, "बाई, मले कावळा शिवला होता."

तू शिकलेली, विसरली असशीन. कावळा डोक्याले शिवला का मरण मांगं लागते. मंग आपल्या मरणाची खोटी खबर सोयऱ्यायकडे धाडावी लागते. सोयरे खरंखुरं रडले का ते मरण त्यायच्या डोळ्याच्या पाण्यात वाहून जाते. मी म्हटलं, "पोरीलेच सांगाले लावलं. तिकडून सारीकडे खबर जाते ना एकदमच."

रुखमाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मंग आधी नाई सांगाचं, मेल्या!" अन् पाठीत एक धपका घातला. आजूबाजूचे हासले. चहा पेली, भात खाल्ला, तुही तारीफ बी केली. जाताना मात्र दारात थांबली अन् म्हणे, "दुसरा निरोप कुठी आहे?"

हे मी विसरूनच गेल्तो. खबर धाडली का मांगून "जिता आहे" असा दुसरा निरोप धाडावा लागते. अन् ज्या तोंडानं मरण सांगतलं, त्याच तोंडानं. नाई तं उतारा अर्धाच राह्यते. मी म्हटलं, धाडन पोरगी, तिले टाइम भेटू दे.

मले राग नाई आला. खरंच नाई. हजारो पोरींतून तुही निवड झाली, सप्टेंबरात शेवटची परीक्षा, अन् त्यातल्या दोघी-चौघीच कायम नोकरीवर राह्यतीन, हे मले समजते. अन् मरायची तं मले सवय आहे. झाडीपट्टीच्या नाटकात मी दर हिवाळ्यात मरत होतो, तू पाह्यलंच आहे. तू लहान होती तवा माह्या मरणाच्या सीनात स्टेजवर चढून आल्ती, "माहा बाबा नाई मेला, पहा ना, पोट हालून राह्यलं त्याचं!" सारा मंडप हासला होता. त्या सालानंतर मी नाटक सोडलं, गुडघे दुखत होते म्हणून.

आई बरी आहे. जेव बराबर.

तुहा बाबा
डोमा


२९ जून

चि. रुपाली,

पत्र भेटलं असन. तुह्याकडून काही आलं नाई, पण भूपेशले तू मेसेज केला तो त्यानं वाचून दाखवला. "दोनच मिनिटं होते. काका म्हटलं असतं तं कोणी थांबून आयकलं नसतं. बाबाले सांग, मले फोन करू नको म्हणा, मले बोलता नाई येणार." भूपेशनं वाचलं अन् फोन खिशात टाकला.

मी लिहिणार नव्हतो, पण लिहितो. बुडाला तो सोमाजी. माहा लहाना भाऊ, भूपेशचा बाप. तू काका म्हटलं असतं तरी खरंच होतं, बाई. भूपेश काल तलावाच्या पाळीवर माह्याजवळ येऊन बसला अन् म्हणे, "मोठेबाबा, ताईनं माह्या बापाचं मरण तुले देऊन टाकलं." एवढंच म्हटलं. मी त्याले म्हटलं, चाल, बीज आलं का पाहू सोसायटीत. मंग आम्ही मासोळीचं बीज पाहाले गेलो.

तो रागावला नाई तुह्यावर. तुह्या यंत्राच्या भोंग्याची बॅटरी तोच पुसून ठेवते. अन् आयक, भोंगा वाजला! गेल्या शुक्रवारी. इथी आभाळ कोरडं होतं, वरच्या अंगाले कुठीतरी पाऊस पडला असन. नदीत चार-पाच जण जाळे घेऊन होते. जांभळीवरचा तुहा भोंगा असा बोंबलला का म्हशी उधळल्या. साऱ्यायच्या मोबाईलवर मेसेज. लोकं जाळे सोडून वर आले अन् थोड्याच वेळानं पाणी घाटाच्या पायऱ्या चढलं. इतवारी म्हातारा म्हणते, पोरीनं पोट्टेपणात लय बडबड केली, आता तिचं यंत्र बडबड करते.

हे तुह्या कंपनीले सांग ना. तुह्या यंत्राले मेलेला बाप लागत नव्हता, बाई. ते असंच वाजते.

रुखमाबाईनं निरोप धाडला. दुसरा निरोप येईपर्यंत तिनं मासोळी सोडली आहे. ढिवराची लेक अन् मासोळी सोडली! मी म्हटलं, अवो, एवढं कायले? तं म्हणे, "एक भाऊ पाण्यानं नेला. दुसऱ्याचा उतारा अर्धा ठेवू का?" कावळा खोटा होता हे तिले सांगाची माही हिंमत झाली नाई. तू काही मनावर घेऊ नको, तिले तशीच खोड आहे.

आई तुह्याबद्दल बोलत नाई. तुही थाली मात्र रोज घासते.

बाबा


२० जुलै

रुपाली,

तुहा मेसेज भेटला. रोवणीचे दिवस आहेत, बांधीतून आल्या आल्या भूपेशनं दाखवला. कंपनीचे लोकं फिलिम काढाले येऊन राह्यले. शेवटच्या फेरीतल्या पोरींचे घरं दाखवाचे आहेत. अन् तू लिहिलं, "बाबानं त्या दिवशी वडशाले आत्याकडे जावं. अन् आईनं" असं लिहून पुढं काही लिहिलंच नाई.

पुढचं तुही आई न वाचता समजली. चुलीवर सालन होतं. ते तसंच सोडून उठली, आरशापुढं गेली अन् कपाळाले होतं त्याच्यावर अजून कुंकू लावलं, हे एवढं मोठं. मंग माह्यापुढं येऊन उभी राह्यली. "पोरीले लिहा, माह्या हातच्या बांगड्या कंपनीच्या बापाच्या नाईत."

मी म्हटलं, "चंदा, सोंग आहे व. एका दुपारचं काम. नाटकात मी किती खेपा मेलो."

"नाटकात तुम्ही मरत होते, तवा मी पहिल्या रांगेत कुंकू लावून बसत होतो."

"पोरीच्या जिंदगीचा प्रश्न आहे."

"अन् माही? मी तं अजून जिती आहो ना?"

मंग ते रडली. लग्नापासून मी तिले भांडताना लय पाह्यलं, रडताना कमी. सालन जळलं. आम्ही तसेच मीठ-भात खाऊन उठलो.

मी तिले समजावलं नाई अजून. कोणत्या तोंडानं समजावू? माहं काय, मी वडशाले जाऊन बसन, चार दिवस म्हटलं तं चार दिवस. नाई तं भामरागडले जाईन, पाण्यापावसात तिथून कोणी परतत बी नाई लवकर. पण तिचं कुंकू मी माह्या हातानं कसं पुसू, हे तूच सांग. तू इंजिनियर झाली, याचं काही यंत्र निंगालं का?

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे. तुह्यावर चिडलो असं समजू नको.

एक रस्ता दिसून राह्यला. आज सकाळी भूपेशची माय, आशाबाई आली होती. सांगतो पुढच्या पत्रात, आधी ते होते का पाहू.

बाबा


३ ऑगस्ट

रुपाली,

फिलिमवाले येऊन गेले. मी वडशाले गेल्तो.

खोटं कायले लिहू. नाई गेल्तो. कोठ्यात बैलायच्या मांगं बसलो होतो. कुडातून सारं दिसते, सारं आयकू येते.

आशाबाईनं तुह्या आईले सांगतलं होतं, "बाई, तुमी कुंकू पुसू नका. तुमच्या जागी मी बसतो. माह्या कपाळावर पुसाले काही नाई." तुही आई आधी नाई म्हणे. मंग दोघी जावा कितीतरी वेळ पडवीत हात धरून बसल्या. काय बोलल्या ते मले माहीत नाई.

त्या दिवशी आशाबाई पांढऱ्या लुगड्यात आपल्या सपरीत बसली. सोमाजीचा हार घातलेला फोटो तिनं सोताच घरून आणला, पदरात झाकून. फिलिमवाल्यायनं फोटो भिंतीले टांगला. मॅडमनं विचारलं, "हेच का रुपालीचे वडील? नाव काय होतं?" आशाबाई फोटोकडंच पाहत होती. भूपेश बाजूले उभा होता. त्यानंच सांगतलं, "डोमा." आपल्या बापाच्या फोटोखाली त्यानं माहं नाव सांगतलं, रुपाली. मी कोठ्यात तोंडात गमछा धरून बसलो.

मंग मॅडम म्हणे, "ताई, त्या दिवशी काय झालं सांगाल?"

आशाबाई इतके साल कोणाजवळ बोलली नव्हती. माह्याजवळ नाई, भूपेशजवळ नाई. त्या दिवशी बोलली. "सकाळी डोंगा घेऊन गेले. ऊन पडलं होतं. दुपारी मी शिदोरी घेऊन घाटावर गेली. त्यायनं मले पाह्यलं, हात वर केला, येतो म्हणून. मंग पाणी आलं. मी आवाज देत होतो. माहा गळा फाटला, पण पाण्याचा आवाज मोठा होता. त्यायले वाटलं मी जेवाले बोलावून राह्यली. त्यायनं अजून एक खेप हात वर केला." मंग थांबली. भोंग्याकडं बोट केलं. "हा असता तं आयकू गेला असता."

कॅमेरा धरणारा पोरगा डोळे पुसत होता. मॅडम बी रडली. चांगले लोकं होते, बाई, त्यायचा काही गुन्हा नाई. आशाबाईनं एक अक्षर खोटं सांगतलं नाई. तिनं नुसतं नाव घेतलं नाई.

तुही आई दारात उभी होती. शेजारीण म्हणून. मॅडमनं गोड आवाजात म्हटलं, "काकू, जरा बाजूला होता का? तुम्ही फ्रेममध्ये येताय." तुही आई बाजूले झाली. आपल्याच दारातून बाजूले झाली अन् न्हाणीजवळ जाऊन उभी राह्यली. तिच्या कपाळावर ते मोठं कुंकू तसंच होतं.

हे तुले कळाले पायजे म्हणून लिहिलं. तुही फिलिम चांगली होईन. तू अभ्यास कर.

बाबा


२६ ऑगस्ट

रुपाली,

काल फिलिम आली, पाळीवर नेटवर्क आहे तिथी बसून साऱ्यायनं पाह्यली. संध्याकाळी तुहा फोन आला, अडीच महिन्यात पहिला. मी उचलला नाई. मेलेल्या माणसानं फोन उचलाचा नसते. असा इनोद मी तिथी केला बी, कोणी हासलं नाई. भूपेशनं फोन आशाबाईजवळ देल्ला. तिकून तू बोलली नाई, इकून ते बोलली नाई. फोन कानाले तसाच धरून होती. मंग तिनं भूपेशले म्हटलं, "पोरगी रडून राह्यली, बंद कर, तिचे पैसे जातीन."

कंपनीकडून कागद आला आहे. शेवटच्या दिवशी पोरींच्या मायबापायले हैदराबादले बोलावलं. जाण्यायेण्याचं तिकीट कंपनीचं. कागदावर लिहिलं आहे, रुपालीची आई. आता कोण जाईन? तुही आई गेली तं लोकं म्हणतीन हे कोण. आशाबाई म्हणते, "मी भूपेशच्या बाबासाठी बसलो होतो. बाईच्या लेकीची माय म्हणून स्टेजवर चढणार नाई." म्हणून कोणी येणार नाई. आई आजारी आहे असं सांग. एवढी मजल मारली आहे तं हे बी सांग.

आता नीट आयक. मी मोठा म्हणून सांगतो. दुसरा निरोप धाडाचा नाई. रुखमाबाईचं मी पाहून घेईन, तिले खरं सांगतो का कावळा-बिवळा काही नव्हता. नोकरी पदरात पाडून घे. आपल्या इकडचे लोकं तिकडं मिरची तोडाले जाते, तू खुर्चीवर बसाले गेली. माहं म्हणशीन तं लोकं जिते असून बी कितीजण लेकरायले दिसत नाई. सहा महिन्यात, सालभरात तू चुपचाप गावाले येशीन, मी बांधीत भेटन. तुह्या लग्नात आहेर घेऊन काका म्हणून उभा राहीन. मी याचा लय विचार केला, मले काही अडचण वाटली नाई.

आईले हे पत्र दाखवलं नाई.

बाबा


१५ सप्टेंबर

रुपाली बाई,

हे पत्र पोस्टात टाकत नाई. तू आज गाडीत बसली असशीन. उद्या बल्लारशाले उतरशीन, मी अन् भूपेश घ्याले येतो. पण मले तोंडानं बोलता येत नाई, तुले माहीत आहे, स्टेजवरच येत होतं. म्हणून लिहून आणतो. गाडीत वाच, माह्याकडं पाहू नको.

परवा आम्ही सारे पाळीवर होतो. तुह्या शेवटच्या परीक्षेचा कार्यक्रम पाहाले भूपेशनं फोन विटेले टेकवून ठेवला. आई, आशाबाई, इतवारी, अन् रुखमाबाई बी, तिले मी अजून सांगतलं नव्हतं. तुह्या आधीच्या पोरी झाल्या. एकीची माय स्टेजवर गेली, तिच्या गळ्यात पडली. तुही आई उठून गवत उपटत बसली.

मंग तू आली. मांगं पडद्यावर आशाबाई, तिचं बोलणं झालं, सारे टाळ्या वाजवून राह्यले. तू इंग्रजीत सुरू केलं. दोन-तीन वाक्यं बोलली अन् थांबली. आम्हाले वाटलं नेटवर्क गेलं. भूपेशनं फोन हातात घेतला. तेवढ्यात तुहा आवाज आला, आपल्या बोलीत, घरी बोलते तशी.

"माहे बाबा जिते आहेत. त्यायचं नाव डोमा आहे. नदीत बुडाले ते माहे काका, सोमाजी. हे पडद्यावर रडून राह्यली ते माही काकू आशाबाई, अन् हा त्यायचाच फोटो आहे. माह्या आईचं नाव चंदाबाई. तिले तुम्ही बाजूले उभं केलं, कारण मी खोटं बोलली."

मंग तू तेच त्यायच्यासाठी शुद्ध मराठीत अन् इंग्रजीत सांगतलं. तिथी कोणी टाळी वाजवली नाई.

आशाबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. "त्यायचं नाव घेतलं पोरीनं," एवढंच म्हणे. भूपेश उठून पाण्याच्या कडंले गेला अन् पाठ करून उभा राह्यला. मी जाऊन त्याच्याजवळ उभा राह्यलो.

रुखमाबाईले तं काही समजलंच नाई. ते उठली, हात जोडले अन् म्हणे, "आला गा, दुसरा निरोप आला! त्याच तोंडानं आला!" लगेच मले विचारते, तलावात जाळं टाकलं का, मासोळी आहे का घरी. मंग मले वाटलं, आता खरं सांगून तरी काय कराचं. तिची मासोळी तिले खाऊ दे.

काल तुहा मेसेज आला का कंपनीनं तुहं नाव काढलं. चूक सांगतली हे चांगलं केलं, पण असं बोलणाऱ्याले ठेवता येत नाई, असं म्हणाले म्हणे. त्यायचं बी बराबरच आहे. भोंगा मात्र चांगला आहे, तो तुह्याच नावावर राहीन, असं बी म्हणाले. तू लिहिलं, "बाबा, सारं बिघडवलं मी." त्याचा जवाब द्याचा आहे म्हणून हे पत्र.

मी तुले पहिल्या पत्रात लिहिलं होतं का गुडघे दुखत होते म्हणून मी नाटक सोडलं. गुडघे माहे तवा चांगले होते. तू स्टेजवर चढून आली त्या दिवशी माह्या मरणावर सारा मंडप रडाले पायजे होता, तो पोट धरून हासला. वडशाच्या नाटक-कंपनीच्या मॅनेजरनं दुसऱ्याच दिवशी मले काढलं. पुढं कोणत्याच कंपनीनं घेतलं नाई. तुले हे कधी सांगतलं नाई, तुही आई अन् मी ठरवलं होतं.

आता सांगतो, तुले समजावं म्हणून. मी स्टेजवर डोळे मिटून पडलो होतो. तू आली, माह्या छातीवर बसली अन् माहे डोळे बोटानं उघडून पाहत होती. "उठ ना बाबा, मले माहीत आहे तू जिता आहे." मॅनेजर विंगेतून ओरडून राह्यला, लोकं शिट्ट्या मारून राह्यले, अन् मी उठून बसलो. तू गळ्यात हात टाकला तो घरी येईपर्यंत सोडला नाई. माहं काम गेलं ते त्या दिवशी. पण त्या दिवसाचं वाईट मले आजपर्यंत वाटलं नाई.

आई सकाळपासून घर सारवून राह्यली. भिंतीवरचा पत्ता तिनं आज पुसला. दारात पायावर पाणी टाकाले तांब्या भरून ठेवीन म्हणते. वडशाहून रुखमाबाई येऊन राह्यली, मासोळी घेऊन.

तुहा बाबा
डोमा